फायरफॉक्सचं ‘एआय बंद’ बटण: कोठीजवळच्या एका फॉर्मवाल्या बाईचा अभिप्राय

आधी वस्तू काय आहे ते सांगते. मोझिला या संस्थेच्या फायरफॉक्स ब्राउझरची १४८वी आवृत्ती २४ फेब्रुवारी २०२६ला आली आणि तिच्या सेटिंग्जमध्ये ‘एआय कंट्रोल्स’ नावाचं नवं पान आलं. त्यावर एक मुख्य बटण आहे, ‘ब्लॉक एआय एन्हान्समेंट्स’. ते सरकवलं की ब्राउझरमधल्या आजच्या एआय-सोयी बंद, पुढे येतील त्याही बंद, आणि ‘हे वापरून बघा की’ म्हणत मध्येच टपकणाऱ्या चौकटीही बंद. अपडेट आलं तरी आपली निवड तशीच राहील, असं मोझिलाने जाहीर केलेलं आहे. वस्तू फुकटची, तेव्हा पैसे वसूल झाले का हा प्रश्नच नाही. पण माझ्या धंद्यात या बटणाला जितकी किंमत आहे तितकी क्वचितच कुणाला असेल, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं दुकान बडोद्यात, दांडिया बाजारातून कोठीकडे जाताना. पाटीवर ‘झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म’ एवढंच. आत तीन कॉम्प्युटर, एक स्कॅनर आणि पावसाळ्यात कागद गिळणारा एक प्रिंटर. कलेक्टर कचेरी जवळ असल्यामुळे गिऱ्हाईक दिवसभर असतं. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा, कुणाला ‘एनीआरओआर’वरून सातबारा, कुणाच्या मुलीची ‘डिजिटल गुजरात’वरची स्कॉलरशिप, कुणाचं पॅन, कुणाचा पासपोर्ट. मराठी घरातली माणसं मला काकू म्हणतात, बाकी सगळं गाव बेन म्हणतं. दोन्ही नावांनी हाक मारणारे लोक येतात आणि आपला आधार, पासबुक, आईचं डेथ सर्टिफिकेट असं सगळं बिनधास्त माझ्या हातात देतात. म्हणजे दिवसभर ब्राउझर माझा, पण त्यात उघडलेला कागद दुसऱ्याचा. ब्राउझर बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असं दुकान कधी येतच नाही. त्यांच्या हिशेबी कॉम्प्युटरपुढे बसतो तो मालक, आणि पडद्यावर दिसतं ते त्याचंच.

मध्यंतरी एका दुसऱ्या ब्राउझरमध्ये (नाव घेत नाही, फार लोक वापरतात) एका काकांचं बँक स्टेटमेंट उघडलं. कर्जाच्या अर्जाला जोडायचं होतं. पीडीएफ उघडते न उघडते तोच उजवीकडून एक पट्टी सरकत आली. या कागदाचा सारांश देऊ का? काका टेबलावर वाकून चष्म्यातून बघत होते.

“बेन, आ कोण पूछे छे?”

म्हटलं, कॉम्प्युटर विचारतोय.

“एने मारी पासबुकनुं शुं काम छे?”

मी पट्टी बंद केली आणि म्हटलं, घाबरू नका, नाही म्हणून सांगितलं. काका काही घाबरलेले नव्हते. ते म्हणाले, “पण पूछ्युं तमने. पासबुक तो मारी छे.”

काकांना आठवी-नववीच्या पुढे शिकायला मिळालं नसेल, पण त्यांनी जे बोट ठेवलं ते बरोबर तिथेच ठेवलं जिथे आपला कायदाही ठेवतो. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमती मागतो ती ज्याची माहिती आहे त्याची. कीबोर्डवर बोटं कुणाची आहेत हे तो विचारत नाही. आणि ती संमती कशी असावी हे सहाव्या कलमात आहे: मोकळेपणाने दिलेली, नेमक्या कामापुरती, समजून घेऊन दिलेली, अटी न घालता घेतलेली, संदिग्ध नसलेली, आणि स्वतः काही स्पष्ट कृती करून दिलेली. गप्प बसणं यात बसत नाही. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत, म्हणजे अजून अवकाश आहे. पण दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असताना अठरा महिने थांबा असं सांगता येत नाही.

तर आता ‘एआय कंट्रोल्स’चं पान उघडू. पाच गोष्टी आहेत: वेबपानांचं भाषांतर, पीडीएफमधल्या चित्रांना वर्णन जोडणं, टॅबचे गट सुचवणं, लिंक उघडायच्या आधी तिच्यात काय आहे ते थोडक्यात दाखवणं, आणि बाजूच्या पट्टीतला चॅटबॉट. एकेकीला वेगळं चालू-बंद करता येतं. प्रत्येकीपुढे तीन अवस्था आहेत. एक ‘उपलब्ध’, म्हणजे सोय आहे पण तुम्ही हात लावल्याशिवाय काही करत नाही. दुसरी ‘चालू’. तिसरी ‘ब्लॉक’, म्हणजे दिसणारही नाही, आणि ती चालवायला डाउनलोड झालेलं एआय मॉडेलही कॉम्प्युटरवरून काढलं जातं.

मला खरं कौतुक वाटलं ते या पाचांकडे नीट बघितल्यावर. यातल्या पहिल्या चार गोष्टी तुमच्याच कॉम्प्युटरवर चालतात. भाषांतर तर फायरफॉक्समध्ये सप्टेंबर २०२३पासून आहे आणि तेव्हापासूनच पानातला मजकूर बाहेर न पाठवता जागच्या जागी होतं. बाहेर कुणाच्या तरी सर्व्हरवर माल जातो तो फक्त पाचवीत, चॅटबॉटमध्ये, आणि तिथे क्लॉड, चॅटजीपीटी, कोपायलट, जेमिनी, ल शा यांपैकी कोण हवं ते आपण निवडायचं. माझ्यासारखीला हा फरक सगळ्यात मोठा. एआय हा शब्द ऐकूनच अंगावर काटा येणाऱ्यांपैकी मी नाही. काकांचं पासबुक माझ्या टेबलावरून उठून कुठे जातं का, एवढाच माझा प्रश्न. चार सोयींच्या बाबतीत उत्तर ‘नाही’ आहे, हे एका पानावरून समजून घेता येतं ही मोठीच गोष्ट. फक्त कुठली सोय घरात चालते आणि कुठली बाहेर जाते हे त्या पानावर प्रत्येकीच्या शेजारी ठळक अक्षरांत लिहायला काय हरकत होती? घरातलं आणि बाहेरचं एकाच पानावर बसवलं की सामान्य माणूस सरसकट घाबरतो, नाहीतर सरसकट हो म्हणतो.

भाषांतर मी चालू ठेवलंय. बडोद्यातली पोरं आता अमेरिका-कॅनडाइतकीच जर्मनीला निघाली आहेत. तिथल्या विद्यापीठांची पानं इंग्रजीत असतात, पण घर, विमा, शहरात नाव नोंदवणं असलं काही आलं की सगळं जर्मन. रावपुऱ्यातली एक मुलगी आईला घेऊन आली होती. वसतिगृहाच्या अर्जाचं पान होतं, त्यात भाड्यात काय धरलंय आणि काय नाही ते आईला हवं होतं. फायरफॉक्सने पान तिथल्या तिथे इंग्रजी केलं, मुलीने आईला गुजरातीत सांगितलं, आईने लगेच विचारलं की वीज वेगळी का. भाषांतर काही ठिकाणी आडमुठं होतं, एका ओळीत ‘गरम भाडं’ असं काहीतरी आलं. नंतर कळलं की हीटिंग धरून असलेल्या भाड्याला जर्मन लोक तसंच म्हणतात, भाषांतराची चूक नव्हती. या सगळ्यात मुलीचा पासपोर्ट नंबर, नाव, तारीख काही कुठे गेलं नाही. अशी सोय मला हवीच आहे.

टॅबचे गट सुचवणं मी बंद केलं. ही सोय जुलै २०२५च्या १४१व्या आवृत्तीत आली तेव्हा प्रोसेसर तापतो अशा तक्रारी बऱ्याच लोकांनी केल्या होत्या, आणि माझी यंत्रं मुळात तापट. शिवाय माझ्याकडे टॅब असतात ते सातबारा, सातबारा, पॅन, सातबारा असे. त्यांचा गट काय सुचवणार? चित्रवर्णन आणि लिंकची झलक यांचा मला उपयोग नाही, बंद.

आता राग. हे मोठं बटण येतं तेव्हा बंद असतं. म्हणजे एआय अडवायचं असेल तर तुम्ही जाऊन अडवा. काही केलं नाहीत तर सोयी ‘उपलब्ध’ या अवस्थेत हजर. मोझिलाच्या बाजूने एवढं म्हणता येईल की ‘उपलब्ध’ म्हणजे ‘चालू’ नव्हे, तुम्ही दाबल्याशिवाय चॅटबॉटला काही कळत नाही. ते खरं आहे. पण बटण दाबणारी मी आणि कागद काकांचा, हे गणित त्यात येत नाही. माझ्या दुकानात बसणारी नवी मुलगी चुकून पट्टी उघडून स्टेटमेंटमधला मजकूर तिथे चिकटवू शकते, आणि काकांना पत्ताही लागणार नाही. लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलबी पानात टाकून पुढे सरकतो, मग तुम्ही ‘नको होती’ म्हणत बसा. पानावर आधीच हात आडवा धरलेला असेल तरच तो थांबतो. हे बटण म्हणजे तो आडवा हात. चांगला आहे, पण धरायचा मी.

मोझिलाचा इतिहासही या बाबतीत धुतल्या तांदळासारखा नाही. जुलै २०२४मध्ये १२८व्या आवृत्तीत त्यांनी जाहिरातींचा परिणाम मोजण्याची एक सोय आणली, ती गोपनीयता राखून मोजते असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ती न विचारता सुरूच ठेवली होती. त्यावर ‘नॉयब’ या ऑस्ट्रियातल्या संस्थेने सप्टेंबरमध्ये रीतसर तक्रार केली. मग डिसेंबर २०२५मध्ये नवे प्रमुख अँथनी एन्झॉर-डिमेओ आले आणि फायरफॉक्स आधुनिक एआय ब्राउझर होणार असं त्यांनी जाहीर केलं. एआय ही नेहमी निवड असेल, सहज बंद करता येईल, हेही त्याच दमात सांगितलं. लोकांनी गोंधळ घातला. हे पान आलं ते त्या गोंधळानंतर. म्हणून मी त्याला देणगी मानत नाही, लोकांनी भांडून मिळवलेलं मानते. पण मिळालं ना? भांडूनही न मिळालेल्या गोष्टींची यादी माझ्याकडे फार मोठी आहे, तिच्यात आमच्या गल्लीतलं गटाराचं झाकणही येतं.

माणसाने काही केलं नाही म्हणजे त्याचा ‘हो’ धरायचा का, हा वाद युरोपात न्यायालयात निदान कुकीपुरता (म्हणजे संकेतस्थळं आपल्या कॉम्प्युटरवर ठेवतात त्या छोट्या नोंदींपुरता) कधीच मिटला आहे. एका ऑनलाइन सोडतीच्या संकेतस्थळाने चौकटीत आधीच बरोबरची खूण करून ठेवली होती, ‘प्लॅनेट४९’ नावाचं प्रकरण. १ ऑक्टोबर २०१९ला युरोपीय न्यायालयाने सांगितलं की आधीच टिक केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे. माझ्याकडे फॉर्म भरायला येणाऱ्यांना हे सांगितलं तर ते हसतील. इथल्या कितीतरी फॉर्मांत आधीच टिक केलेल्या चौकटी असतात आणि मला त्या एकेक उघडून काढाव्या लागतात. सारखं सारखं विचारून माणसाला वैताग आणण्याला आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३मध्ये तेरा फसव्या युक्त्यांच्या यादीत घातलं आहे, हेही जाता जाता लक्षात असू द्या. ‘आता नको’ हे बटण असतं आणि ‘कधीच नको’ नसतं, तेव्हा काय चाललंय ते ओळखा. फायरफॉक्सच्या पानावर ‘कधीच नको’ आहे, आणि माझ्या हिशेबी त्याचे गुण इथेच वाढतात.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. विवाल्डी या ब्राउझरवाल्यांनी ऑगस्ट २०२५मध्ये सरळच सांगितलं की चॅटबॉट, सारांश करणारी यंत्रं असलं काही आम्ही ब्राउझरमध्ये भरणार नाही. बंद करायला काही नाहीच, म्हणजे प्रश्नच मिटला. एका कॉम्प्युटरवर मी तो ठेवलाय आणि तक्रार नाही, फक्त मेनू इतके आहेत की नव्या मुलीला हरवायला होतं. मायक्रोसॉफ्टने आपल्या एज ब्राउझरमधला ‘कोपायलट मोड’ हा एआय मदतनीस जुलै २०२५मध्ये आणला तो तुम्ही स्वतः सुरू कराल तरच सुरू होईल असा ठेवून. त्याआधी २०२४मध्ये त्यांच्याच विंडोजमधल्या ‘रिकॉल’ने, जो दर काही सेकंदांनी पडद्याचा फोटो काढून ठेवणार होता, केवढा गदारोळ झाला होता! मे महिन्यात जाहीर केलं, जूनमध्ये माघार घेऊन ‘तुम्ही हो म्हणालात तरच’ असं करावं लागलं. माझ्या दुकानात तो आला असता तर अर्ध्या दांडिया बाजाराची आधार कार्डं फोटोत साठली असती. सुदैवाने त्याला लागणारी चिप माझ्या यंत्रांत नाही. गरिबीचाही कधी कधी फायदा होतो.

क्रोमची गोष्ट वेगळ्या अंगाने बघावी लागते. त्यात कॉम्प्युटरवरच चालणारं जेमिनी नॅनो हे मॉडेल आहे. माल बाहेर जात नाही ही त्याची चांगली बाजू. पण गूगलने डेव्हलपरांसाठी लिहिलेल्या माहितीत त्यासाठी डिस्कवर किमान २२ जीबी जागा मोकळी हवी असं दिलं आहे. २५६ जीबीच्या डिस्कवर विंडोज, स्कॅन केलेले कागद आणि गिऱ्हाइकांनी ‘परत लागेल बेन, ठेवा’ म्हणून ठेवायला लावलेल्या फाइली असं सगळं नांदत असताना २२ जीबी म्हणजे एक खोली भाड्याने देण्यासारखं. संमती फक्त माहितीची नसते, जागेची आणि विजेचीही असते, हे कुणी मोजत नाही.

पर्प्लेक्सिटी कंपनीचा कॉमेट, चॅटजीपीटीवाल्यांचा अ‍ॅटलस असले पूर्ण एआय ब्राउझर दुकानात आणणार नाही. आपल्यातर्फे पानावर क्लिक करत सुटणारा मदतनीस मला फॉर्मच्या धंद्यात नको. कॉमेटला पानातच लपवलेल्या सूचना देऊन भलतं काम करायला लावता येतं, हे ब्रेव्ह या दुसऱ्या ब्राउझरच्या लोकांनी ऑगस्ट २०२५मध्ये दाखवून दिलं होतं. एअरटेलवाल्या पोरांना त्याच वर्षी पर्प्लेक्सिटीची एआय-सेवा वर्षभर फुकट मिळाली, त्यांना ती आवडते, त्यांनी आपल्या लॅपटॉपवर वापरावी.

एक गैरसमज दूर करते, कारण माझ्याकडे तिघाचौघांनी तेच विचारलं. फायरफॉक्सचं बटण दाबलं म्हणजे इंटरनेटवरचं एआय बंद झालं असं नाही. गूगलवर शोधलं की वर येणारा एआयचा सारांश ही गूगलच्या पानाची गोष्ट, ब्राउझरची नव्हे, आणि ती कायमची बंद करायचं बटण गूगल देत नाही. प्रत्येक वेळी ‘वेब’ या टॅबवर जाऊन नुसत्या लिंका बघता येतात. मी डकडकगो या गूगलसारख्याच शोधयंत्राचं ‘नोएआय’ वालं, म्हणजे एआयशिवायचं, पान सुरुवातीचं पान म्हणून लावून ठेवलंय. सरकारी पोर्टल शोधताना मला कुणाचा सारांश नको, खरा पत्ता हवा. नकली पॅन-साइटवर पैसे भरून आलेली माणसं रडताना बघितली आहेत.

दुकानात मी काय केलं ते सांगते, म्हणजे ज्यांचं असंच दुकान आहे त्यांना उपयोग होईल. काउंटरमागच्या दोन कॉम्प्युटरवर मोठं बटण चालू केलं, म्हणजे सगळं अडवलं, आणि मग भाषांतर तेवढं परत सुरू केलं. असं करता येतं. सेटिंग प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगळी जाऊन बघितली. एकीकडे केलं म्हणजे सगळीकडे झालं असं गृहीत धरलं नाही. तिसरा कॉम्प्युटर गिऱ्हाइकाकडे तोंड करून आहे, तिथे ते स्वतः बसतात. तिथे चॅटबॉट अडवलेला नाही. कॉलेजची पोरं येतात, अर्ज लिहून घेतात, कुणी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दल महानगरपालिकेला पत्र लिहून घेतं. कागद त्यांचा, बोट त्यांचं, तिथे मी कोण अडवणार? फक्त फायरफॉक्स बंद केला की कुकीज आणि इतिहास पुसला जाईल अशी सेटिंग तिथे लावली आहे, कारण लॉगिन तसंच ठेवून उठून जाणं हा इथला जुना आजार आहे.

काउंटरवर मी गुजराती, मराठी आणि हिंदीत एक कागदही चिकटवला आहे: तुमचा कागद एआयला दाखवून काही करून हवं असेल तर आधी सांगा. वाचून बहुतेक जण एकच विचारतात, त्याने काम लवकर होतं का? दाखल्याच्या फॉर्मला होत नाही, पत्राला होतं, असं मी खरं काय ते सांगते. पासबुकवाले काका नंतर पुन्हा आले होते. त्यांनी कागद वाचला, तीनही भाषांत, आणि गुजरातीतली शुद्धलेखनाची एक चूक काढून दिली.

गुण द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. एक गुण कापला तो बटण बंद अवस्थेत येतं म्हणून, अर्धा कापला तो कुठली सोय घरात आणि कुठली बाहेर हे प्रत्येकीच्या शेजारी ठळक लिहिलेलं नाही म्हणून. तुमचं दुकान असेल, किंवा घरात एकच कॉम्प्युटर सगळे वापरत असाल, तर जूनमध्ये अ‍ॅडमिशन आणि दाखल्यांची गर्दी सुरू व्हायच्या आत हे उरकून टाका. आवृत्ती १४८ किंवा पुढची आहे ना ते ‘अबाउट फायरफॉक्स’मध्ये जाऊन आधी बघा; जुनी असेल तर हे पान दिसणारच नाही.